निनवेच्या पाट्या आणि नोहाचें तारूं

लंडन शहर पाहून आलेला मनुष्य टेम्स नदीवरील पूल, राजवाडा आणि घड्याळाचा मनोरा यांचें वर्णन न थांबतां करतो. परंतु ब्रिटिश म्युझियमविषयीं विचारलें कीं, "फार मोठें आहे हो, पाय दुखले," एवढें बोलून गप्प बसतो. हा दोष त्या मनुष्याचा नव्हे. १७५३ सालीं स्थापन झालेल्या आणि १७५९ सालीं लोकांस खुल्या झालेल्या या संग्रहालयांत इतक्या देशांच्या इतक्या वस्तु एकत्र आल्या आहेत कीं, एका दिवसांत सर्व पाहूं म्हणणारास शेवटीं कांहींच दिसत नाहीं. चिरंजीवांच्या नोकरीमुळें आम्हांस त्या शहरीं तीन महिने राहण्याचा योग आला, तेव्हां आम्ही प्रथमच ठरविलें कीं, एकाच प्रदेशाचीं दालनें पाहावयाचीं, पण तीं विद्यार्थ्यानें धडा घोकावा तशीं पाहावयाचीं. आम्ही निवडलीं तीं असुरिया व बाबिलोन यांचीं. लहानपणीं आम्ही गुरुजींपाशीं शतपथब्राह्मणांतील मनु व मत्स्य यांची कथा शिकलों. पुढें बायबलांतील नोहाची कथा वाचली. आणि नोहाच्या कथेहूनही जुनी अशी एक जलप्रलयाची कथा मातीच्या पाटीवर लिहिलेली लंडनास आहे, असें कित्येक वर्षें ऐकत आलों होतों. ती पाटी एकदां डोळ्यांनीं पाहावी, अशी फार दिवसांची इच्छा होती.

संग्रहालयाच्या दर्शनी भागीं ग्रीक धर्तीचे चव्वेचाळीस उंच खांब आहेत. प्रवेशास मूल्य नाहीं. आंत गेल्यावर तळमजल्यावरच असुरियाचे ते प्रसिद्ध सपक्ष वृषभ उभे आहेत. मुख दाढीवाल्या पुरुषाचें, शरीर बैलाचें आणि पंख गरुडाचे. हे राजद्वाराचे रक्षक. शिल्पकारानें त्यांस पांच पाय दिले आहेत. समोरून पाहिल्यास प्राणी स्थिर उभा दिसावा आणि बाजूनें पाहिल्यास चालतांना दिसावा, हा त्यांतील हेतु. आमच्याबरोबर आमचा अकरा वर्षांचा नातू होता. त्यानें पाय दोनदां मोजले आणि मगच आमच्या म्हणण्यावर विश्वास ठेविला.

तेथून जवळच एका दालनाच्या भिंतींवर लाखीश नांवाच्या नगराचा वेढा कोरलेला आहे. वाचकांनीं हें नांव लक्षांत ठेवावें. लाखीश हें यहुदा राज्यांतील दुसऱ्या क्रमांकाचें तटबंदीचें शहर. इ. स. पूर्वीं ७०१ सालीं असुरियाचा राजा सेनाखेरीब यानें तें जिंकलें, आणि त्या विजयाचीं चित्रें निनवे येथील आपल्या राजवाड्यांत दगडावर कोरविलीं. याच स्वारीची हकीकत बायबलाच्या जुन्या करारांतही आली आहे. चित्रांत एका बाजूस तटावर चालून जाणारे सैनिक आहेत. दुसऱ्या बाजूस नगर सोडून चाललेलीं कुटुंबें आहेत. बैलगाडीवर बोचकीं बांधलेलीं, त्यांवर बायका व मुलें बसलेलीं, आणि पुढें सिंहासनावर बसलेला विजयी राजा. हिब्रू लोक आणि दोन नद्यांच्या प्रदेशांतील लोक यांचा संबंध केवळ पंडितांच्या कल्पनेंतला नाहीं. तो असा दगडांत कोरलेला आहे. पुढें असुरियाचें राज्य बुडालें व बाबिलोनचें बळावलें. इ. स. पूर्वीं ५८७-८६ च्या सुमारास बाबिलोनच्या राजानें यरुशलेमचें मंदिर पाडून तेथील पुष्कळ लोकांस आपल्या देशीं नेलें. इराणच्या कुरुश राजानें ५३९ सालीं बाबिलोन घेतलें, तोंपर्यंत तरी हे लोक तेथें परवशतेंत होते. आणि कित्येक त्यानंतरही परत फिरले नाहींत.

आतां त्या पाट्यांविषयीं थोडें सांगूं. तैग्रिस व युफ्रातीस या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या इराक देशाच्या दक्षिणेस, दगड दुर्मिळ आणि लांकूडही बेताचें. विपुल ती एक मातीच. म्हणून तेथील लोकांनीं घरें मातीचीं बांधलीं, आणि विद्याही मातीवरच लिहिली. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूच्या टोंकानें दाबून खिळ्याच्या आकाराचीं अक्षरें उठवावयाचीं व पाटी वाळवावयाची, ही त्यांची रीत. असुरियाचा राजा अशुरबनिपाल हा स्वतः लिहिणारा-वाचणारा होता. सिंहाच्या शिकारीच्या चित्रांतही त्याच्या कंबरपट्ट्यांत बोरू खोंवलेला दिसतो. जलप्रलयापूर्वींचे लेख आपणांस वाचतां येतात, अशी त्याची प्रौढी होती. त्यानें देशोदेशींच्या पाट्या मिळवून व नकलून निनवे येथें मोठा ग्रंथसंग्रह केला. ६१२ सालीं शत्रूंनीं निनवे जाळलें. आपल्याकडील भूर्जपत्राच्या पोथ्या असत्या तर राख झाली असती. पण मातीच्या कित्येक पाट्या त्या आगींत विटांप्रमाणें भाजून उलट टिकाऊ झाल्या. लेयार्ड या इंग्रज संशोधकानें आणि मोसुल येथेंच जन्मलेल्या होर्मुझ्द रस्साम यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या उकरून काढल्या. पाट्या व तुकडे मिळून त्यांची संख्या तीस हजारांच्या आसपास भरते.

आम्ही गेलों तेव्हां जलप्रलयाची पाटी वरच्या मजल्यावर ५५ क्रमांकाच्या दालनांत, कांचेच्या कपाटांत होती. पाहणारा प्रथम निराश होतो. लांबी सुमारें १५ सेंटिमीटर, रुंदी सुमारें १३. कडा फुटलेल्या, आणि मुंग्यांची रांग चालावी तशीं बारीक अक्षरें. शेजारून शाळेच्या मुलांचा एक घोळका तिच्याकडे न पाहतांच निघून गेला.

ही पाटी प्रथम ज्यानें वाचली त्या जॉर्ज स्मिथचें चरित्र प्रत्येक शाळेंत मुलांस सांगण्याजोगें आहे. गरीब घरचा हा मुलगा चौदाव्या वर्षीं नोटांच्या छपाईसाठीं कोरीव काम करणाऱ्या कारखान्यांत उमेदवारीस लागला. जेवणाच्या सुटींत तो या संग्रहालयांत येऊन पाट्या पाहत बसे. कोरीव कामावर बसलेली नजर त्या बारीक अक्षरांवर बसली, आणि विद्यापीठाची कोणतीही पदवी नसतां १८६७ सालीं त्यास येथेंच साहाय्यकाची जागा मिळाली. १८७२ सालीं एक तुकडा वाचतां वाचतां त्यास असें आढळलें कीं, एक जहाज डोंगरावर टेकलें आहे, त्यांतून कबूतर सोडलें आहे, आणि बसावयास जागा न मिळाल्यामुळें तें परत आलें आहे. आनंदाच्या भरांत तो खोलीत धांवूं लागला व अंगावरचे कपडे उतरवूं लागला, अशी आख्यायिका आहे. त्या वर्षीं ३ डिसेंबर रोजीं त्यानें बायबलविषयक पुराणवस्तूंचा अभ्यास करणाऱ्या मंडळींपुढें आपला निबंध वाचला. श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन हजर होते. लगोलग 'डेली टेलिग्राफ' पत्रानें एक हजार गिनी देऊन त्यास निनवेस धाडलें. १८७६ सालीं तिसऱ्या प्रवासांत हा विद्वान् अलेप्पो येथें आमांशानें वारला. तेव्हां त्याचें वय अवघें छत्तीस होतें.

पाटींतील कथा थोडक्यांत अशी. गिल्गमेश नांवाचा राजा मित्राच्या मृत्यूनें व्याकुळ होऊन अमरत्वाच्या शोधांत फिरत असतां उत्-नपिश्तिम नांवाच्या वृद्धास भेटतो. तो वृद्ध आपली हकीकत सांगतो. देवांनीं जलप्रलय करण्याचें ठरविलें. परंतु एआ या देवानें बोरूच्या कुडाशीं बोलत असल्याचा बहाणा करून त्यास सावध केलें. त्यानें मोठें तारूं बांधलें, त्यास डांबर फांसलें, आप्त व पशु आंत घेतले. सहा दिवस व सात रात्री वादळ झालें. तारूं एका डोंगरावर टेकलें. त्यानें आधीं कबूतर, मग पाकोळी आणि शेवटीं डोमकावळा सोडला. कावळा परतला नाहीं, तेव्हां जमीन उघडी झाली असें जाणून त्यानें होम केला, आणि त्याचा सुवास देवांनीं घेतला.

आम्ही हें नातवास सांगत होतों. तो म्हणाला, "आजोबा, नोहाची गोष्ट आम्हांला शाळेंत सांगितली आहे. ही तीच आहे. मग नक्कल कोणी केली?"

प्रश्न मार्मिक होता. आमचें आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलेलें असल्यामुळें नक्कल कशी ओळखावी हें आम्हांस थोडेंफार कळतें. दोन मुलांचें उत्तर बरोबर आलें म्हणून एकानें दुसऱ्याचें पाहिलें असें होत नाहीं. दोघांनींही अभ्यास केला असेल. परंतु विचारलेला नसतांही एखादा अनावश्यक तपशील दोघांनीं, त्याच क्रमानें, लिहिला असेल, तर शिक्षक चष्मा पुसून पुन्हा पाहतो. हीच कसोटी येथें लावावी. नदीकाठीं राहणाऱ्या सर्वच लोकांनीं पूर पाहिलेला असतो. म्हणून पूर, नाव आणि वांचलेला एक सज्जन एवढ्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. पण पाणी ओसरलें कीं नाहीं हें पाहण्यास पांखरें सोडावीं, तीं एकामागून एक सोडावीं, त्यांत कबूतर व डोमकावळा असावा, पुढें होम व्हावा आणि त्याचा सुवास देवानें घ्यावा, हें सर्व दोन्ही ग्रंथांत ओळीनें यावें, हा योगायोग नव्हे. तारवास फांसलेल्या डांबरास बाबिलोनच्या भाषेंत 'कुप्रु' शब्द आहे, आणि बायबलांत त्या ठिकाणीं 'कोफेर' आहे. या दोन्ही भाषा एकाच कुळांतल्या असल्यामुळें केवळ या शब्दावर भार देतां येणार नाहीं. पण इतर पुराव्यास तो जोड देतो.

कोण आधीं, हा प्रश्नही आतां संशयाचा राहिलेला नाहीं. निनवेची पाटी इ. स. पूर्वीं सातव्या शतकाची असली, तरी ती नक्कल आहे. 'अत्रहसीस' नांवाच्या काव्यांत हीच कथा इ. स. पूर्वीं सतराव्या शतकांतल्या पाट्यांवर मिळाली आहे. आणि त्याहूनही प्राचीन अशा सुमेर भाषेंत तिचा नायक झियुसुद्र या नांवानें येतो. या संग्रहालयांतील अर्व्हिंग फिंकेल यांनीं २०१४ सालीं आणखी एका प्राचीन पाटीचें वाचन प्रसिद्ध केलें. तींत तें तारूं वाटोळें, आपल्याकडील टोपल्यासारख्या गोल डोंगीच्या आकाराचें सांगितलें आहे. कथा पश्चिमेस कशी गेली याचीही खूण सांपडते. १९५० नंतरच्या दशकांत मगिद्दो येथें, म्हणजे प्रत्यक्ष पॅलेस्टाईनच्या भूमींत, गिल्गमेश काव्याचा इ. स. पूर्वीं चौदाव्या शतकांतील तुकडा मिळाला. पुढें परवशतेच्या काळीं तर दोन्ही लोक शेजारीं नांदत होते. यहुदाच्या बंदिवान राजास तेलाचा शिधा दिल्याची नोंद खुद्द बाबिलोनच्या पाट्यांत आहे. महिन्यांचीं नांवें हा याचा सर्वांत साधा पुरावा. निसान, तम्मूज, तिश्री हीं यहुदी महिन्यांचीं नांवें बाबिलोनचींच आहेत, आणि तम्मूज हें तर तेथील एका देवाचें नांव. आमच्या कुलाबा जिल्ह्यांतील बेने इस्राएल लोक ज्यास 'नव्याचा सण' म्हणत आले, तो तिश्रीच्या पहिल्या दिवशीं येतो. तिश्री म्हणजे बाबिलोनचा 'तश्रीतु'.

इतकें झाल्यावर, बायबलाचा कर्ता हा केवळ नक्कल करणारा ठरला काय? आमच्या मतें नाहीं. आणि याचें कारण त्या दोन कथांतील भेदांत आहे. अत्रहसीसाच्या काव्यांत मनुष्यें फार वाढलीं, त्यांच्या गोंगाटानें एन्लिल देवाची झोंप मोडली, म्हणून प्रलय होतो. पूर आल्यावर देव स्वतःच भितात. होम होतांच भुकेले देव माशांसारखे त्याभोंवतीं गोळा होतात. शेवटीं मनुष्यें पुन्हा वाढूं नयेत म्हणून वांझपणा व बालमृत्यु हीं नेमून दिलीं जातात. हिब्रू कथेंत प्रलयाचें कारण गोंगाट नव्हे, तर पृथ्वीवर माजलेला अन्याय व हिंसा. देव भीत नाहीं, भुकेलाही नाहीं. आणि प्रलयानंतरची आज्ञा बरोबर उलट आहे: बहुगुणित व्हा, मनुष्याचें रक्त सांडूं नका. हें उतरवून घेणें नव्हे. हें उत्तर देणें आहे. जित लोकांनीं जेत्यांची कथा घेतली आणि तिच्यांतील देवांसच प्रश्न केला कीं, झोंपमोड झाली म्हणून लेंकरांस बुडविणारा तो देव कसला?

आम्ही त्या कपाटापाशीं उभे असतां डोक्यावर लहान टोपी घातलेले एक वृद्ध यहुदी गृहस्थ नातीस घेऊन आले. आमचें बोलणें झालें. आम्ही भीतभीतच विचारलें कीं, ही पाटी पाहून आपल्या श्रद्धेस धक्का पोंचत नाहीं काय? ते हंसून म्हणाले, "आमच्या प्रार्थनामंदिरांत नोहाचे अध्याय दरवर्षीं शरदऋतूंत वाचतात. मीं ते साठांहून अधिक वेळां ऐकले असतील. ही पाटी थोरली बहीण असेल. पण ती अडीच हजार वर्षें बोलली नव्हती." मग नातीकडे पाहून पुढें म्हणाले, "आतां बोलूं लागली आहे, तर ऐकलें पाहिजे."

सर्वांनीं मात्र असें शांतपणें ऐकलें नाहीं. १९०२ च्या जानेवारींत बर्लिन येथें फ्रीडरिख डेलिच या थोर असुरविद्यापंडितानें जर्मन बादशहासमक्ष 'बाबिलोन आणि बायबल' या विषयावर व्याख्यान दिलें, आणि बायबलांतील पुष्कळ गोष्टींचें मूळ बाबिलोनांत दाखविलें. तेथवर तो शास्त्राचा विषय होता. पण पुढें त्याचें मत इतकें कडवें झालें कीं, १९२०-२१ सालीं दोन भागांचा ग्रंथ लिहून त्यानें सबंध जुना करार ही एक फसवणूक ठरविली. त्या देशांत नंतर यहुद्यांचें काय झालें हें वाचक जाणतातच. त्याचा सगळा दोष एका पंडिताच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु, "तुमचें तुमचें असें कांहींच नाहीं, सर्व दुसऱ्याचें आहे," असें एखाद्या लोकसमूहास सांगणें ही केवळ विद्येची गोष्ट राहत नाहीं, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

हीच सावधगिरी आपण आपल्या घरींही पाळली पाहिजे. लोकमान्य टिळकांनीं १९१७ सालच्या भांडारकर गौरवग्रंथांत खाल्डियन व भारतीय वेद या विषयावर निबंध लिहिला, आणि अथर्ववेदांतील सर्पविषावरच्या सूक्तांत येणारा 'तैमात' हा शब्द बाबिलोनच्या 'तिआमत' या महासागररूपी राक्षसीशीं जोडून दाखविला. पुष्कळ विद्वान् असेंही म्हणतात कीं, बायबलाच्या आरंभींचा 'तेहोम', म्हणजे अथांग जल, हा शब्दही तिआमताच्याच धातुकुळांतला. शब्द असे दूरदूर फिरतात. परंतु शब्द फिरला म्हणून सबंध कथा फिरली असें होत नाहीं. शतपथांतील मनूची कथा आम्ही वरील कसोटीस लावून पाहिली. तेथें सावध करणारा मत्स्य आहे, त्याच्या शिंगास बांधलेली नाव आहे, उत्तरेकडील पर्वत आहे, शेवटीं यज्ञही आहे; परंतु पांखरें नाहींत, डांबर नाहीं, पशूंच्या जोड्या नाहींत, देवांचा कोप नाहीं. साम्य आहे, पण उत्तरपत्रिका पकडणारा तो अनावश्यक तपशील नाहीं. तेव्हां, "त्यांनीं आमचें घेतलें" असें छाती फुगवून म्हणण्यास जागा नाहीं, आणि "आम्ही त्यांचें घेतलें" असें मान खालीं घालून म्हणण्यासही नाहीं. घरांतील तरुणांस पहिलें वाक्य हास्यास्पद वाटतें व वडील मंडळींस दुसरें असह्य होतें; पण पुराव्याच्या पुढें एक पाऊलही न टाकणें हें दोघांसही शिकतां येण्यासारखें आहे.

आतां निनवेविषयीं शेवटचें. त्या नगराचे अवशेष आजच्या मोसुल शहराला लागून आहेत. तेथें नबी युनुस नांवाची टेंकडी आहे. नबी युनुस म्हणजे बायबलांतील योना हा हिब्रू प्रवक्ता. त्याची कबर तेथें आहे असें लोक मानीत. टेंकडीवर पूर्वीं ख्रिस्ती मठ होता, मग मशीद झाली, आणि खालीं सेनाखेरीबाचा पुत्र एसरहद्दोन याचा राजवाडा गाडलेला आहे. २०१४ च्या जुलैंत धर्मांध सैनिकांनीं ती मशीद सुरुंगानें उडविली. २०१७ सालीं शहर सुटल्यावर संशोधक तेथें पोंचले, तेव्हां चोरांनीं खणलेल्या भुयारांत असुर राजवाड्याचे अवशेष त्यांस आढळले.

योनाचा ग्रंथ फार लहान आहे. शत्रूच्या निनवे नगरीस जाऊन उपदेश कर, ही आज्ञा त्यास आवडत नाहीं व तो पळून जातो. पुढें जातो, नगर पश्चात्ताप करतें, देव क्षमा करतो, आणि योनास त्याचाच राग येतो. तेव्हां देव त्यास विचारतो कीं, एक लाख वीस हजारांवर माणसें आणि कितीतरी गुरें ज्यांत आहेत, त्या निनवेची मीं कींव करूं नये काय? ग्रंथ या प्रश्नावरच संपतो. ज्यांच्या लाखीशांतून बायकामुलें बैलगाड्यांवर घालून नेलीं, त्याच लोकांच्या ग्रंथांत हा प्रश्न आहे. अशुरबनिपालाच्या तीस हजार पाट्यांत आम्हांस त्यास जोड सांपडली नाहीं. लंडनास जाण्याचा योग येईल त्या वाचकांनीं वरच्या मजल्यावरील पाटी अवश्य पाहावी. परंतु जातांना तळमजल्यावरील त्या बैलगाडीपाशीं थोडा वेळ थांबावें.